ट्रॅक खचतो ती जागा

आमच्या सोनचाफा कॉलनीत महापालिकेविषयी मत नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. नळाला पाणी सव्वासहाऐवजी साडेसहाला आलं की मत, घंटागाडी कोपऱ्यावरूनच वळली की मत, पथदिवा दिवसा चालू राहिला की एक मत आणि संध्याकाळी बंद पडला की दोन. ही सगळी मतं सकाळी सात ते नऊ या वेळात ग्रुपवर पडतात आणि शेवटी कुणीतरी लिहितं, 'कोठावदे काका, बघा ना जरा.' कोठावदे काका म्हणजे मी. सटाण्याहून नोकरीसाठी नाशकात आलो, वीज खात्यात तेहतीस वर्षं काढली आणि निवृत्त झालो त्याच महिन्यात या लोकांनी मला अध्यक्ष करून टाकलं. मी नको म्हणालो नाही. हुकूम सोडायची सवय जडली होती आणि घरात ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

महापालिका वाईट आणि काका चांगले, हे आमच्याकडे एकमताने ठरलेलं आहे. त्याचं कारण विहीर.

मखमलाबादच्या बाजूला आमची कॉलनी झाली ती झुंबरबाईंच्या मळ्यावर. मळ्याचा एक तुकडा अजून कुंपणापलीकडे आहे, तिथे झेंडू आणि शेवंती होते. बाकी जमीन प्लॉट पडून विकली गेली आणि मळ्याची जुनी विहीर आमच्या मोकळ्या जागेत आली. तिच्यात हिरवं पाणी, पाण्यावर डास. एका पावसाळ्यात कॉलनीत नऊ जणांना डेंग्यू झाला. मी महापालिकेला अर्ज दिले. तिकडून उत्तर आलं की विहीर बुजवण्याआधी तपासणी करावी लागेल, भराव थराथराने दाबावा लागेल, वेळ लागेल. वेळ लागेल म्हटल्यावर आमच्या लोकांचा पारा चढला. मग कुणाच्या घरी फरशी बदलली, कुणी बाथरूम फोडलं, की राडारोडा गुपचूप विहिरीत. वर्षभरात विहीर निम्मी भरली. उरलेली मी एका दुपारी जवळजवळ भरून टाकली.

आज त्या जागेवर लाल रंगाचा जॉगिंग ट्रॅक आहे. सकाळी सगळे त्यावर चालतात. मी चालत नाही. गुडघे दुखतात असं सांगतो, पण गुडघे ठणठणीत आहेत. त्या ट्रॅकखाली पुंजा आहे. तसं कुणी पाहिलेलं नाही, सिद्ध झालेलं नाही, पण मला ते माहीत आहे.

पुंजा पेठ तालुक्यातला. तिकडची माणसं भाताची कामं आटोपली की नाशकात मजुरीला येतात आणि पावसाळ्यात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या सुमारास परत गावी जातात. पुंजा मात्र बहुतेक वर्षभर आमच्याकडेच असायचा. मोकळ्या जागेच्या कडेला पत्र्याची खोली होती, तिथे राहायचा. झाडांना पाणी घालायचा, गटार मोकळं करायचा, कुणाचं कपाट वर चढवायचं असेल तर तो. बोलायचा फारच कमी. हाक मारली तर पटकन यायचा नाही, म्हणून मी त्याच्यावर किती वेळा खेकसलो असेन. पण काम अंगावर घेतलं की ते संपेपर्यंत बिडीसुद्धा ओढायचा नाही.

विहीर भरणार हे कळल्यावर झुंबरबाई माझ्याकडे आल्या. सत्तरीच्या बाई, कमरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत.

"कोठावदे भाऊ, हिरीत आसरा हायेत आमच्या. सात दगडं. कोनाड्यात बसवलीत माझ्या सासऱ्यानं. त्यांना वर काढल्याबिगर माती टाकायची नाय."

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. शेंदूर फासलेले सात गोटे विहिरीच्या आतल्या कोनाड्यात मांडलेले असतात. विहीर बुजवायची तर आधी त्यांना सन्मानाने वर आणायचं, नैवेद्य दाखवायचा आणि दुसऱ्या पाण्याजवळ बसवायचं. माझा स्वतःचा या गोष्टींवर विश्वास नाही. पण म्हातारीने मळ्यावरच्या चार बायका गोळा करून विहिरीपाशी ठाण मांडलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. म्हणून मी म्हणालो, काढतो.

त्याच दिवशी मी पुंजाला सांगितलं, "उद्या दुपारी झाडांचं आटोपलं की विहिरीत उतर. ते सात दगड वर आणून उंबराखाली ठेव." विहिरीला भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या होत्या, त्याला ते अवघड नव्हतं. त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी जेवायला बसलो होतो. वैशाखातलं ऊन, गल्लीत कुत्रंही नव्हतं. जवळच रस्ता खोदायचं काम चालू होतं. तिथल्या मुकादमाला मी आधीच सांगून ठेवलं होतं की निघालेली माती आम्हाला हवी. त्याचा फोन आला.

"साहेब, भरलेली गाडी उभी आहे. आत्ता टाकू का? नाहीतर दुसरीकडे पाठवतो."

"टाका."

"खाली कुणी नाही ना?"

"भर दुपारी कोण असणार? टाका, टाका."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. प्रतिभा, माझी बायको, समोर बसून ताक वाढत होती. आदल्या दिवशी पुंजाला काय सांगितलं ते मी विसरलो होतो का? पोलीस विचारतील तेव्हा मी हो म्हणेन आणि ते खरं आहे. पण विसरायला माणसाची किंमत तेवढी कमी असावी लागते, हेही खरं आहे. माझ्या मुलीला, दिशाला, विहिरीत उतरवलं असतं तर मी विसरलो असतो का?

जेवून झोपलो. पाच वाजता खाली गेलो तेव्हा आठ गाड्या रिकाम्या होऊन निघून गेल्या होत्या. विहीर काठापासून माणसाच्या उंचीएवढी खाली राहिली होती, कोनाडा मातीआड गेला होता. मला बरं वाटलं. मग पलीकडच्या बाजूला उंबराखाली नजर गेली. तिथे पंचा अंथरलेला होता आणि त्यावर शेंदराचे दगड ओळीने मांडलेले होते. मी मोजले. चार होते.

चार दगड वर होते, म्हणजे माणूस चार वेळा वर आला होता. उरलेल्या तिघींसाठी तो पुन्हा खाली गेला होता.

आरडाओरडा करावा, लोक जमवावेत, माती उपसायला लावावी, हे सगळं सुचत होतं. ते सुचत असतानाच माझा हात पंचा गुंडाळत होता. मी दगड उचलून झुंबरबाईंच्या कुंपणापाशी नेऊन ठेवले आणि त्यांना सांगितलं, "तीन सापडले नाहीत म्हणाला." त्यांनी दगडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हणाला? कवा?"

"मघाशी. मग गेला कुठेतरी."

पुंजा दिसत नाही हे कॉलनीच्या लक्षात यायला चार दिवस लागले, तेही झाडं सुकली म्हणून. ग्रुपवर लगेच मतं पडली. ही माणसं अशीच, न सांगता जातात. आवणीला गेला असेल. एवढं सांभाळून घेतलं तरी काही नाही. मे महिन्यात कसली आवणी, असं एकानेही विचारलं नाही. मी सगळ्या मतांखाली अंगठा टाकला आणि पुढच्या महिन्यात पत्र्याची खोली पाडायला लावली, विहिरीचा राहिलेला भागही भरून घेतला.

दिवाळीच्या आधी त्याची बायको आली. नवसाबाई. डोक्यावर पदर, हातात फुटक्या काचेचा फोन, फोनमध्ये फोटो. वॉचमनने तिला माझ्याकडे पाठवलं. तिची बोली पेठच्या डोंगरातली.

"हा माना घरवाला. तुमच्याकडं कामाला व्हता. कुठं आहा?"

मी म्हणालो, "गावाला जातो म्हणून गेला की. मे महिन्यात."

"तुमाला सांगून गेला?"

"हो."

एवढंच मी बोललो. आयुष्यभर हुकूम सोडले, कुणाकुणाचे अर्ज दाबून ठेवले, पण त्या एका 'हो'इतकं घाण काम माझ्या हातून झालेलं नाही. तिने फोन पदरात गुंडाळला आणि ती गेली. मला वाटलं, संपलं. आठवड्याभराने सकाळी दारात फुलपुडी टाकायला कोण आलं म्हणून पाहिलं तर तीच. झुंबरबाईंनी तिला मळ्यात कामाला ठेवून घेतलं होतं. तेव्हापासून दीडदोन वर्षं रोज सकाळी माझ्या दाराच्या कडीला झेंडूची पुडी तिच्या हातून अडकते. प्रतिभा ती फुलं देवाला वाहते. मी त्या वेळी देवघराच्या खोलीत जात नाही.

पुढच्या हिवाळ्यात ट्रॅक झाला. महापालिकेने केला, पण श्रेय मला मिळालं. शाल, नारळ, माझ्यासोबत फोटो. आणि पहिल्याच पावसाळ्यात एका ठिकाणी तो खचला. परातीएवढा खळगा. मुरूम टाकून बुजवला. महिन्याने पुन्हा खचला, पुन्हा बुजवला. तिसऱ्यांदा आमचा सेक्रेटरी मनोज स्वतः उभा राहून धुमसाने माती ठोकून घेतो म्हणाला आणि घेतलीही. तरी दिवस उलटले तशी ती जागा पुन्हा खाली गेली, जणू कुणीतरी खालून माती मागत होतं.

मी गॅलरीत बसतो. सकाळी चालणाऱ्यांच्या पायांचा आवाज एकसारखा येत असतो. त्या जागेवर मात्र पाऊल पडलं की तो बदलतो, पोकळ होतो. चालणारे गप्पा मारत असतात, त्यांना कळत नाही. मला प्रत्येकाचं कळतं. दहा फेऱ्या मारणारा माणूस त्याच्यावरून दहा वेळा जातो. पाऊस असला, ट्रॅक रिकामा असला, तरी मला तो आवाज येतो आणि मी उठून पाहतो. कुणी नसतं. भीती वाटते, सरळ सांगतो. वीज अंगावर घेणाऱ्या खात्यात नोकरी केलेला माणूस मी, खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो.

आमच्या लोकांनी नेहमीप्रमाणे महापालिकेला शिव्या घातल्या आणि तक्रार केली. या वेळी तिकडून तृप्ती मॅडम आल्या. तिशीतल्या कनिष्ठ अभियंता, पायात बूट, बोलणं थेट. सळई खुपसून बघितली. सळई सरसर आत गेली.

"इथे विहीर होती ना? भराव कधी दाबलाच नाही कुणी. हे पूर्ण उघडून परत थर द्यावे लागतील. उद्या माणूस आत जाईल."

तीन वर्षं महापालिका काम करत नाही म्हणून बोंब मारणारे आमचे लोक आता काम करू नका म्हणून बोंब मारू लागले. नवरात्र तोंडावर आलंय. गरबा कुठे खेळायचा? खोदलं की दोन महिने धूळ खायची. त्यापेक्षा वरून एक सिमेंटचा जाड स्लॅब टाका, झालं. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, रहिवाशांची मतं लेखी द्या, रविवारी मी येते, तेव्हा ठरवू. मनोजने पत्र तयार केलं. बेचाळीस घरं. एक्केचाळीस सह्या दोन दिवसांत झाल्या आणि अध्यक्षाच्या सहीसाठी कागद माझ्या टेबलावर आला.

स्लॅब पडला की आवाज बंद होणार होता. जागा खचणार नव्हती, कुणी सळई खुपसणार नव्हतं. एक सही करायची होती. मी दोनदा पेनाचं टोपण काढलं आणि दोनदा लावलं.

प्रतिभा म्हणाली, "सही करा."

"तुला माहीत आहे त्याखाली काय आहे?"

"तुम्ही जेवताना फोनवर बोललात ते मी ऐकलंय. आदल्या दिवशी त्याला सांगितलंत, तेही ऐकलंय." ती टेबल पुसत होती, पुसत राहिली. "गेलेला माणूस परत येणार नाही. दिशाच्या सासरी काय तोंड दाखवायचं? सही करा आणि मोकळे व्हा."

इतके दिवस मी समजत होतो की हे ओझं माझ्या एकट्याचं आहे. ती रोज त्याच बाईच्या हातची फुलं देवाला वाहत होती. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, भीतीच वाढली.

रविवारी सकाळी कडी वाजली. नवसाबाई पुडी अडकवून थांबली होती. एरवी ती थांबत नाही.

"त्या जागंवर सिमिट टाकणार म्हणं?"

"ठरायचंय अजून."

"झुंबरआजीनं मला चार आसरा दावल्या. बाकीच्या तीन कुठं आहा, तिलाबी ठावं नाय." तिने पदर नीट केला. "त्यो अर्धं काम टाकून जाणारा नाय, काका. मी त्याच्यासंगं बावीस साल राह्यले."

ती जिना उतरून गेली. मी दार लावून तिथेच जमिनीवर बसलो. आमच्या बेचाळीस घरांची पुंजाविषयी जी मतं होती, ती सगळी त्या एका वाक्यापुढे खोटी होती आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी टेबलावरचा कागद घेतला, घडी न घालता, सही न करता, आणि खाली गेलो.

ट्रॅकवर खुर्च्या मांडल्या होत्या. तृप्ती मॅडम उभ्याच होत्या. मनोजने माईक माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "काका, थोडक्यात." मी थोडक्यातच बोललो.

"स्लॅब टाकू नका. खणा. खाली पुंजा आहे. विहिरीत मी त्याला उतरवलं होतं आणि माती टाका असंही मीच सांगितलं."

आधी कुणाला समजलंच नाही. मग खुर्च्या सरकल्या. कुणीतरी म्हणालं, काकांची तब्येत बरी नाही. कुणी म्हणालं, उन्हात बसवू नका. मनोजने माझ्या हातातला माईक आणि कागद काढून घेतला आणि मॅडमना समजावू लागला की वयोमानाने होतं, यांच्याशिवाय एक्केचाळीस सह्या आहेत, बहुमत आहे. मागून एक बाई म्हणाल्या की असं काही निघालं तर फ्लॅटला कोण विचारणार. ते मात्र सगळ्यांना लगेच समजलं. प्रतिभा पुढे येऊन माझा दंड धरून "चला घरी" म्हणत होती.

मॅडमनी मनोजच्या हातातला कागद घेतला, पाहिला आणि परत दिला. "आता याला तुमच्या मतांची गरज नाही," त्या म्हणाल्या आणि बाजूला जाऊन पोलिसांना फोन लावला.

नवसाबाई कुंपणापाशी उभी होती. झुंबरबाई तिच्याशेजारी. नवसाबाई चालत माझ्याकडे आली तेव्हा लोकांनी आपोआप वाट दिली. मला वाटलं ती मारेल. मारावं असंही वाटलं. ती माझ्यासमोर थांबली. डोळे कोरडे होते.

"तुमी पाच वाजता गेलते म्हणं. झुंबरआजी म्हणते."

"हो."

"तवा हाक मारली व्हती का?"

आठ गाड्या मातीखाली माणूस जिवंत राहतो का, मला माहीत नाही. कोनाड्याशी टेकून, थोड्या पोकळीत, तासभर राहत असेल. मी त्या काठावर उभा होतो, चार दगड मोजले, पंचा गुंडाळला. हाक मारली असती आणि आतून उत्तर आलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून मी मारली नाही.

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या शर्टाची बाही धरली आणि मला त्या खळग्यापाशी नेलं. कुणी अडवलं नाही. प्रतिभाचा हात सुटला.

"आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाय," ती म्हणाली. "न्हायतर मीच मारली असती. तुमी मारा."

बेचाळीस घरं बघत होती. गॅलऱ्यांतूनही माणसं वाकली होती. मी खाली वाकून पुटपुटलो, "पुंजा."

तिने नाही अशी मान हलवली.

"मोठ्यानं मारा," ती म्हणाली. "त्याला कमी ऐकू येतं."